जळगावातली घनवादाची कार्यशाळा : चार दिवस आणि एक तांब्या

मी पारोळा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. यंदा एकवीस वर्षं होतील. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांना बसणारी मुलं तयार करणं हे माझं मुख्य काम, आणि त्यातही वस्तुचित्र हा माझा हातचा विषय. गेल्या मे महिन्यात जळगावला रिंग रोडकडच्या एका खासगी चित्रकला वर्गाने 'घनवादाची ओळख' अशी कार्यशाळा घेतली. घनवाद म्हणजे क्युबिझम, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची युरोपातली चित्रशैली. दोन शनिवार, दोन रविवार, सकाळी दहा ते दुपारी चार, फी 1800 रुपये, कागद-रंग त्यांचेच. मी चारही दिवस एसटीने गेले. एरंडोल, पाळधी करत जायचं आणि तसंच उन्हातून परत यायचं. मे महिन्यातलं जळगाव काय असतं हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. तरी चौथ्या दिवशी बसमध्ये बसल्यावर, संपलं याचं वाईट वाटत होतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. वर्गाचं नाव लिहीत नाही, कारण काही तक्रारीही आहेत आणि त्या मी शिकवणाऱ्या सरांना समोरासमोर सांगितल्या आहेत. जळगावातल्या कुठल्याही चित्रकला शिक्षकाला विचारलंत तर वर्ग कुठला ते कळेल.

ए.टी.डी.ला, म्हणजे चित्रकला शिक्षकाच्या पदविकेला असताना आमचा घनवाद दोन पानांत आटोपला होता. पिकासो आणि ब्राक हे दोन चित्रकार, 1907, वस्तूंचे तुकडे, पाच मार्कांची टीप. ती टीप मी पाठ केली, लिहिली, मार्कही मिळवले. पण घनवादी चित्रासमोर उभं राहिलं की माझ्या मनात एकच यायचं, की हे असं कशाला? नीट तांब्या काढता येत असताना तो मोडायचा कशाला? हा प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता, कारण चित्रकलेच्या बाईने तो विचारायचा नसतो. कार्यशाळेला गेले ती याच प्रश्नासाठी.

पहिल्या दिवशी आम्ही सोळा जण होतो. चार-पाच शिक्षक, मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयाच्या प्रवेशाची तयारी करणारी मुलं-मुली, एक निवृत्त बँकवाले काका, सराफ बाजारात दागिन्यांची डिझाइनं काढणारा एक तरुण, आणि एक पेंटरभाऊ, जे घरांना रंग देतात आणि दुकानांच्या पाट्या रंगवतात. त्यांच्याविषयी पुढे सांगणार आहे. सरांनी आल्या आल्या पिकासोचा विषय काढला नाही, पडदाही लावला नाही. मधोमध एक टेबल, त्यावर पितळी तांब्या, एक हिरवट पांढरं भरताचं वांगं आणि केळ्यांची एक फणी. आम्हाला म्हणाले, काढा. तीन मिनिटं. मग उठून जागा बदला. पुन्हा तीन मिनिटं. अशा सहा जागा. एकदा स्टुलावर उभं राहून वरून, एकदा जमिनीवर बसून, एकदा तांब्याला नाक लागेल इतक्या जवळून.

एका पोरीने पट्टी काढून तांब्याच्या आजूबाजूला खोकी आखायला सुरुवात केली होती. घनवाद म्हणजे घन, हे तिच्या डोक्यात. सरांनी पट्टी काढून घेतली आणि तिथेच नावाची गोष्ट सांगितली. 1908 साली ब्राक दक्षिण फ्रान्समध्ये एस्ताक नावाच्या गावी राहून निसर्गचित्रं करून आला. पॅरिसच्या शरद प्रदर्शनाच्या परीक्षकांनी ती नाकारली. त्या मंडळात चित्रकार मातीस होता. मग नोव्हेंबरात कानवायलर नावाच्या तरुण व्यापाऱ्याने आपल्या छोट्या गॅलरीत ती मांडली, आणि लुई व्होक्सेल या समीक्षकाने वर्तमानपत्रात लिहिलं की हा गृहस्थ सगळ्याचे घन करून टाकतो. नाव पडलं ते असं, हिणवण्यातून. चित्र काढणाऱ्यांनी ते ठेवलेलं नाही. त्यामुळे नावाच्या मागे लागून खोकी काढत बसलात तर वाट चुकाल, एवढं बोलून सरांनी पट्टी आपल्या खिशात टाकली आणि ती चारही दिवस परत दिली नाही.

दुपारनंतर ट्रेसिंग पेपर वाटले. सहाही चित्रं एकावर एक ठेवायची आणि प्रत्येकातून एकेक भाग निवडायचा. निवडीची कसोटी अशी, की तांब्याविषयी सगळ्यात जास्त कोणती रेघ सांगते? मी तोंड वरून घेतलं, पूर्ण गोल, कारण तांब्यात हात जातो की नाही हे वरूनच कळतं. पोट बाजूने, कारण त्याचा फुगवटा बाजूने दिसतो. बुडाची कडा जमिनीवरून. काठाची जाडी जवळून, तिथे कल्हई गेलेला एक डाग होता, तोही घेतला. आता हे चार भाग एका कागदावर जोडायला गेले तर जुळेनात. गोल तोंड बाजूच्या मानेवर बसेना, मध्ये फट राहिली. मी सवयीने ती रेघ ओढून बंद करायला लागले. सर मागे उभे होते. म्हणाले, "मॅडम, बंद करू नका. तिथे वाट ठेवा."

ही 'वाट ठेवणं' म्हणजे घनवादातली मोठी गोष्ट आहे आणि मला ती कुठल्या पुस्तकाने समजावली नव्हती. फ्रेंचमध्ये तिला पासाज म्हणतात. ब्राक-पिकासो ती आधीच्या पिढीतल्या सेझान या चित्रकाराकडून शिकले. वस्तूची कड एका ठिकाणी सोडून द्यायची, म्हणजे तिचा पृष्ठभाग मागच्या भिंतीत, शेजारच्या वस्तूत सरकतो. मी मान आणि काठ यांच्यामधली फट उघडी ठेवली, तिथे टेबलाची सावली आत येऊ दिली. डाव्या पोटावर सावली होती, ती मध्येच तोडून पुढच्या पट्ट्यावर उजेड घेतला, कारण तो भाग मी खिडकीच्या बाजूने पाहिला होता. अर्ध्या तासाने कागद लांब धरला तर तांब्या तिथे होता. फोटोत असतो तसा नव्हता, पण मी त्याच्याभोवती सहा फेऱ्या मारल्या होत्या आणि त्या फेऱ्या कागदावर आल्या होत्या.

माझ्या 'कशाला'चं उत्तर मला तिथे मिळालं. आपण मुलांना शिकवतो की एक डोळा मिटा, हात ताठ करा, पेन्सिलीवर अंगठा सरकवून माप घ्या, जागा सोडू नका. यथार्थदर्शनाचं, म्हणजे पर्स्पेक्टिव्हचं, हे सगळं शास्त्र पंधराव्या शतकातल्या इटलीचं. ब्रुनेलेस्कीने ते करून दाखवलं, अल्बर्टीने 1435 मध्ये लिहून ठेवलं. त्याची अट एकच : बघणारा एका जागी खिळलेला, एकडोळा. पण तांब्या आपण असा कधी बघतो? आपण तो उचलतो, कलंडवतो, घासतो, आत डोकावतो. पिकासो आणि ब्राक यांनी ती खिळलेल्या डोळ्याची अट काढून टाकली. तांब्या त्यांनी मोडलाच नाही.

आणि मग मला माझी मुलं आठवली. पाचवी-सहावीचं पोरगं तांब्या काढतं तेव्हा तोंड गोलमटोल काढतं आणि बूड सरळ रेघेने. वरून पाहिलेलं तोंड, समोरून पाहिलेलं बूड. एकवीस वर्षं मी त्यावर लाल पेन्सिलीने खूण करत आले आहे : तोंड लंबवर्तुळ हवं, बुडाची कडा त्याहून जास्त गोलाईची हवी. परीक्षेसाठी ते खरंच आहे आणि यापुढेही मी तेच शिकवणार, कारण तिथे डोळ्याची पातळी तपासतात. लहान मुलाचं चित्र म्हणजे घनवाद, असंही मी म्हणणार नाही. मूल आपल्याला माहीत असलेलं काढतं. पिकासो-ब्राक यांना यथार्थदर्शन पक्कं येत होतं आणि ते ठरवून त्याच्या पलीकडे गेले. पण 'चूक' असा शेरा देण्याआधी आता मी विचारते, तू हे कुठून पाहिलंस? जूनमध्ये एका मुलाने उत्तर दिलं, "मोरीत तांब्या ठेवलेला असतो ना, मी उभा असतो." त्या मोरीतून त्याला खरंच तोंड तसंच दिसत असणार.

दुसरा दिवस सेझानचा आणि घरांचा. सेझान 1906 मध्ये वारला, पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये त्याचं मोठं स्मृतिप्रदर्शन भरलं आणि तरुण चित्रकारांची झोप उडाली. निसर्गाकडे दंडगोल, गोल आणि शंकू यांच्या अंगाने बघा, असं त्याने 1904 च्या पत्रात लिहिलं होतं. ब्राकचं 'एस्ताकची घरं' हे चित्र आम्ही तासभर पाहिलं. घरांना दारं नाहीत, खिडक्या नाहीत, आकाश नाही. एकावर एक चढलेली नुसती घरंच घरं, आणि मागची घरं लांब जायच्या ऐवजी आपल्या अंगावर येतात. मला त्यात एकदम ओळखीचं दिसलं. माझं माहेर गिरणाकाठचं, तिथे अजून धाब्याची घरं आहेत. चढावर बांधलेली, सपाट मातीची धाबी, एकाच्या धाब्यावरून दुसऱ्याच्या भिंतीला हात लागतो. उन्हाळ्यात दुपारी बारा वाजता सावल्या आटल्या की कोणती भिंत पुढे, कोणती मागे, हे डोळ्याला कळत नाही. त्या दिवशी मी आठवणीने ती घरं काढली आणि माझ्या मते चार दिवसांतलं माझं सगळ्यात चांगलं काम तेच.

याच दिवशी 'आव्हिन्याँच्या तरुणी'ही झाली. पिकासोचं 1907 चं, जवळजवळ आठ फूट उंच चित्र. पाच बायका, त्यातल्या उजवीकडच्या दोघींचे चेहरे मुखवट्यांसारखे. पिकासोने ते पुष्कळ वर्षं स्टुडिओतच ठेवलं, लोकांसमोर पहिल्यांदा आलं ते 1916 मध्ये. इथे माझी पहिली तक्रार. हे मुखवटे आले कुठून, तर आफ्रिकेतून. फ्रान्सच्या वसाहतींतून आणून पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात ठेवलेल्या वस्तू पिकासोने पाहिल्या. ज्यांनी त्या घडवल्या त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. एवढ्या मोठ्या गोष्टीला सरांनी एक स्लाइड आणि दोन मिनिटं दिली. आपणही वसाहत होतो. आपल्याकडच्या मूर्तीही बाहेर गेल्या. या विषयावर निदान अर्धा तास तरी द्यायला हवा होता.

दुसरी तक्रार अजिंठ्याची. अजिंठा जळगावहून जवळ, त्यामुळे तो विषय निघणारच होता. सर बोलण्याच्या भरात म्हणाले की घनवाद आपल्याकडे आधीच होता, अजिंठ्यात मंडप एका बाजूने आणि आतली माणसं दुसऱ्या बाजूने दिसतात. दिसतात हे खरं. मी दर वर्षी सहल घेऊन जाते, मुलांना दाखवते. पण अजिंठ्याच्या चित्रकाराला एका डोळ्याचा नियम कुणी घातलेलाच नव्हता. त्याने तो मोडण्याचा प्रश्न येत नाही. कथा सांगत सांगत भिंतीवरून पुढे जायचं आणि जिथे जे दिसायला हवं तिथे ते दाखवायचं, ही त्याची स्वतःची रीत आहे, आणि ती तेवढीच मोठी आहे. तिला घनवादाची आजी म्हटल्याने तिचा मान वाढत नाही. मी हे बोलले. सरांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही, आणि पुढच्या शनिवारी त्यांनी स्वतःच हा मुद्दा पुन्हा काढून दुरुस्त केला. असा शिक्षक मला आवडतो.

तिसरा दिवस विश्लेषणात्मक घनवादाचा, म्हणजे वस्तू बारीक पैलूंत सोडवून बघण्याचा, साधारण 1909 ते 1912. आम्हाला फक्त पिवळी माती, जळका तपकिरी, काळा आणि पांढरा एवढेच रंग दिले. रंग का काढून घेतले, तर रंग भाव सांगतो, ओळख सांगतो, आणि इथे काम चाललं होतं ते आकाराचं. लाल रंग आला की डोळा तिकडे धावतो. पिकासोने 1910 मध्ये केलेलं कानवायलरचं व्यक्तिचित्र पडद्यावर लावलं आणि दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही असं ठरलं. आधी नुसती राखाडी-तपकिरी काच फुटलेली दिसते. मग केसांची एक लाट सापडते. मग खाली एकमेकांत घातलेले हात. मग घड्याळाची साखळी. त्या साखळीला धरून पोट सापडतं, आणि एकदम एक माणूस खुर्चीत बसलेला दिसतो. बँकवाले काका उठून पडद्याजवळ गेले आणि बोटाने साखळी दाखवून म्हणाले, "सापडला!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर आठ चित्रं दाखवून कोणतं पिकासोचं, कोणतं ब्राकचं ते ओळखायला लावलं. मी आठात चार बरोबर आणले, म्हणजे छापा-काटा केला असता तरी तेवढेच आले असते. त्या काळात दोघं रोज एकमेकांचं काम बघायचे, चित्रावर समोरून सहीही बहुधा करत नसत. ब्राकने पुढे म्हटलं आहे की आम्ही एका दोरीला बांधलेल्या गिर्यारोहकांसारखे होतो. ऑगस्ट 1914 मध्ये महायुद्ध सुरू झालं, ब्राक फौजेत गेला, पुढच्या वर्षी डोक्याला जबर जखम झाली. तो वाचला, पुष्कळ वर्षं रंगवत राहिला, पण ती जोडी पुन्हा तशी जुळली नाही.

प्रोजेक्टरबद्दल बोलायलाच हवं. सगळी पिवळी माती पडद्यावर हिरवट दिसत होती. ज्या काळातली चित्रं चार मातकट छटांवर उभी आहेत त्यांना हा दोष फार महागात पडतो. छापील टिपणंही काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये. विश्लेषणाच्या चित्रांना ते थोडंफार चाललं, पण हुआन ग्रिस या घनवादी चित्रकाराच्या चित्रांचं पार वाटोळं झालं. त्याचे निळे, हिरवे, स्वच्छ कापलेले पट्टे झेरॉक्समध्ये नुसती शाई. 1800 रुपयांत चार पानं रंगीत यायला हवी होती.

चौथा दिवस चिकटचित्राचा, म्हणजे संश्लेषणात्मक घनवादाचा, तुकडे जोडून वस्तू उभी करण्याचा. यासाठी घरून कागद आणायला सांगितलं होतं : जुन्या लग्नपत्रिका, एसटीची तिकिटं, चहाच्या पुड्या, कॅलेंडरं. मे 1912 मध्ये पिकासोने वेताच्या विणीची छपाई असलेलं मेणकापड चित्रावर चिकटवलं आणि भोवती चौकट म्हणून चक्क दोर लावला. सप्टेंबरात ब्राकने दुकानातून लाकडी नक्षीचा भिंतीचा कागद आणून कापून चिकटवला. इथे एक गंमत आहे जी मला माहीत नव्हती. ब्राकचे वडील आणि आजोबा घरं रंगवणारे. तो स्वतः त्या धंद्यात उमेदवारी केलेला. रंगावर कंगवा फिरवून खोटं लाकूड उठवायची त्यांची युक्ती त्याने चित्रात आणली आणि पिकासोलाही दाखवली.

सर हे सांगत असताना पेंटरभाऊ, जे तीन दिवस मागे बसून होते आणि बोलावलं तरच बोलत होते, ते उठले. म्हणाले, "सर, हाई ते आम्ही रोज करतस." त्यांनी पिशवीतून रबराची दातेरी पट्टी काढली. एका पुठ्ठ्यावर आधी फिकट पिवळा हात दिलेला होताच, त्यावर पातळ तपकिरी रंग ओढला आणि तो ओला असतानाच पट्टी वरून खाली आणली. हात सरळ नाही, मनगट किंचित हलत होतं. मध्ये एका जागी पट्टी थबकवून फिरवली आणि तिथे गाठ उठली, सागाच्या फळीत असते तशी, आत गडद, भोवती रेघांचे वळसे. मग कोरड्या ब्रशने वरून नुसता हात फिरवला, तशा रेघा मऊ झाल्या. दीड मिनिटात सागवान. आमच्याकडच्या लोखंडी कपाटांवर, दारांवर हे काम आपण जन्मभर पाहिलेलं आहे, पण त्याला कुणी कला म्हटलं नव्हतं. त्या दुपारी सोळातले पंधरा जण त्यांच्याभोवती गोळा झालो आणि सर स्वतः त्यांच्याकडून मनगट हलवायला शिकले. फ्रान्समध्ये 1912 मध्ये काय घडलं असेल ते पुठ्ठ्याच्या त्या तुकड्यावर मला दिसलं : रंगाऱ्याच्या हातातली विद्या चित्रात मानाने आली. भाऊंनी तो पुठ्ठा मला दिला. मी त्यातून भाकरीच्या परातीखालचा पाट कापला, वर लग्नपत्रिकेतला सोनेरी कागद गोल लावून परात केली, आणि एसटीचं तिकीट भाकरीच्या कडेला. गोंद मात्र पातळ होता, कागद सुरकुतले, संध्याकाळपर्यंत तिकिटाची एक कड उचकटली.

भारतातला घनवाद शेवटच्या अर्ध्या तासात घाईघाईने झाला, आणि ही माझी सगळ्यात मोठी नाराजी. गगनेंद्रनाथ टागोरांनी कोलकात्यात 1920 नंतर जलरंगात जिने, खोल्या, उजेडाचे तुकडे अशी चित्रं केली. त्यांत वस्तूचं विश्लेषण कमी आणि गूढ उजेड जास्त, म्हणजे त्यांनी ती भाषा घेतली आणि आपलं काहीतरी सांगितलं. जहांगीर साबावाला मुंबईचे, पॅरिसला आंद्रे ल्होत या घनवादी चित्रकाराच्या हाताखाली शिकले आणि त्या शिस्तीतून त्यांनी समुद्र, ढग, वाटसरू असे शांत पट्ट्यांत बांधले. या दोघांना प्रत्येकी एक सकाळ दिली तरी कमीच. सरांना पाचवा दिवस वाढवा असं सुचवलं आहे, फी वाढली तरी चालेल.

कुणी जावं? चित्रकला शिक्षकांनी नक्की. पाट्या रंगवणाऱ्यांनी, डिझाइन काढणाऱ्यांनी, आणि ज्यांना हे असलं काही कळत नाही असं वाटतं त्यांनीही. हात बसलेला असायला हवा अशी अट नाही, काकांनी शाळेनंतर पेन्सिल धरली नव्हती. बारावीनंतर प्रवेशपरीक्षेची घाई असलेल्या मुलांनी मात्र थांबावं, इथे मार्कांचं काही मिळत नाही. पुढची बॅच दिवाळीच्या सुट्टीत आहे. जाताना आपला गोंद आणि कात्री घेऊन जा, जेवणाचा डबा न्या, कारण आसपास धड खाणावळ नाही. खिडकीकडची जागा धरा, प्रोजेक्टर सुधारला नसेल तर निदान टेबलावरचा तांब्या खऱ्या उजेडात दिसेल.